सिग्ने जरा वेगळी आहे

आमच्या गावात कोणी कॉफी विचारली की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’ म्हणून घ्यायची. उत्तर मिनेसोटातली आम्ही मूळची नॉर्वेची माणसं. चर्चच्या तळघरात केक संपत आला की शेवटचा तुकडा कोणी अख्खा उचलत नाही. जो तो त्याचा अर्धा कापून घेतो, पुढचा त्याचाही अर्धा. शेवटी ताटलीत नखाएवढं काहीतरी उरतं, ते मी घरी नेऊन कोंबड्यांना घालते.

सिग्ने त्वाइट माझी शेजारीण. चाळीस वर्षं तिनंही हेच केलं. एकाहत्तर साली तिचा नवरा गेला. दफन आटोपल्यावर तळघरात मी कॉफीची किटली घेऊन फिरत होते. सिग्ने पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणाली, कप काठोकाठ भरून घेतला आणि शेवटचा तुकडा सबंध उचलून खाल्ला.

दुःखाचा भर असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. पण तो भर काही ओसरेना. पाद्रीसाहेबांनी प्रवचन कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, फार लांबलं. ‘कशी आहेस’ असं कोणी जाता जाता विचारलं, तर ती त्याला उभं करून खरंच सांगे, पोट साफ होत नाही इथपासून. रविवारी, ऐन प्रार्थनेच्या दिवशी, कपडे वाळत घाली, तेही आतले, रस्त्याच्या बाजूला. गाव करी ते राव काय करी म्हणतात. इथे राव एकटीच निघाली होती आणि गावाला दिसत होतं.

तिची भाची मार्लिस. तिनं तीन वर्षं कळ काढली आणि मग जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला : मावशीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला वृद्धाश्रमात हलवावं. अर्जावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागत होत्या. मार्लिसनं मला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी केली.

अर्ज मंजूर झाला असता तर सिग्नेचं घर सुटलं असतं. त्याच घरात तिनं नवऱ्याला शेवटचं पाणी पाजलं होतं.

एप्रिलमध्ये जिल्ह्याचे डॉक्टर पेटिग्रू आले. नवे होते, दूर दक्षिणेतले, अलाबामाकडचे. तासभर सिग्नेकडे बसले, मग माझ्या स्वयंपाकघरात आले. शेगडी चालू ठेवून विसरतात का? नाही. रस्ता चुकतात? नाही. कोणाच्या अंगावर धावून जातात? छे.

“मग बाई, सही कशासाठी केलीत?”

आता काय सांगणार, केक खाल्ला म्हणून? शिवाय माणसाबद्दल तोंडानं वाईट बोलायची आमच्यात रीत नाही. त्यासाठी एकच शब्द आहे. पुष्कळ विचार करून मी तो काढला.

“ती जरा वेगळी आहे.”

कोणी कोबीत मनुका घालून आणल्या की आम्ही चाखून म्हणतो, ‘वेगळं आहे.’ ती बाई ते भांडं पुन्हा आणत नाही. एका पाद्र्यानं प्रार्थनेला गिटार आणली. तिघांनी ‘वेगळं होतं’ म्हटलं, आणि उन्हाळ्यात त्याची बदली झाली. जिवंत माणसाबद्दल हा शब्द मी त्याआधी कधीच वापरला नव्हता.

डॉक्टरांचा चेहरा खुलला. वेगळं असणं हा काही आजार नव्हे, असं म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं आणि वर माझेच आभार मानले. अहो, तसं नव्हे, असं म्हणायला हवं होतं. पण ते म्हणायचं तर वाईट उघड बोलावं लागलं असतं. मी बिस्किटांची ताटली पुढे सारली. एकच उरलं होतं, त्यांनी ते घेतलं.

अर्ज फेटाळला गेला. मार्लिस माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलू लागली.

आठवड्यानं सिग्ने माझ्या दारात आली.

“डॉक्टर म्हणाले, शेजारणीनं तुमची बाजू घेतली. काय म्हणालीस गं?”

“जरा वेगळी आहे, असं म्हणाले मी.”

अर्थ तिला सांगावा लागला नाही.

“तो बिचारा अलाबामाचा,” ती म्हणाली. मग सरळ माझ्याकडे बघून तिनं विचारलं, “व्हर्ना, मी इथून जावं असं तुला वाटत होतं का?”

असा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. ‘छे गं, काहीतरीच’ हे उत्तर ओठांवर तयार होतं, साठ वर्षांच्या सवयीचं. पण ती थांबून राहिली होती, आणि मला लाज वाटली. फार लाज वाटली.

“हो,” मी म्हणाले. “वाटत होतं.”

सिग्नेनं मान हलवली. रागावलेली दिसली नाही. खुर्ची ओढून ती टेबलाशी बसली.

“चला,” ती म्हणाली, “आता गावात आपण दोघी झालो.”