श्रावणातले तारे आणि आबांची अट

आकाशाकडे बघत चालणाऱ्याला ठेचा लागणारच, आणि प्रत्येक ठेचेचा एक किस्सा होतो. आमच्या देवासच्या टोळीकडे एका श्रावणात असे इतके किस्से जमले, की त्यांच्यापुढे तारे कमी पडले!

टोळी म्हणजे मी, नुकताच बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागलेला. माझा मित्र बंडू. त्याची मॅट्रिकच्या वर्गातली बहीण कुसुम. आणि मंडीचा ट्रक चालवणारा रामेश्वर. शिवाय बंडूचे वडील, आबा. त्यांची सगळी नोकरी देवास संस्थानात झालेली. संस्थान विलीन झालं, आबांचा रुबाब काही विलीन झाला नाही!

कुसुमला पुढच्या वर्षी इंदूरला सायन्सला जायचं होतं. आबांनी मला बोलावून घेतलं.

"मास्तर, श्रावणात तारे पडतात असं तुमचं पुस्तक म्हणतं ना? मला एक पडताना दाखवा. पुस्तक खरं निघालं तर पोरगी इंदूरला. नाहीतर मार्गशीर्षात लग्न!"

पुस्तकाप्रमाणे तारे पडायच्या रात्री चारच, आणि देवासवर नुसते ढग!

*

पहिल्या रात्री रामेश्वर धावत आला. "भिया, हाटपिपल्याला आकाश एकदम साफ! आत्ताच माल टाकून आलो."

आम्ही ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांवर बसलो. आबा पुढे, छत्री घेऊन. हाटपिपल्या आलं आणि असा पाऊस कोसळला, की नृसिंहाच्या देवळात शिरावं लागलं. रात्रभर आम्ही तिथेच.

बंडू ओरडला, "साफ होतं म्हणालास ना?"

"होतंच की! मी निघालो तेव्हा होतं," रामेश्वर शांतपणे म्हणाला. "मेरे पीछे किसने बिगाड़ा, मुझे क्या पता!"

*

दुसऱ्या रात्री धार गाठली. किल्ल्याबाहेरच्या माळावर सतरंजी पसरली. तेवढ्यात गस्तीचा शिपाई आला.

"कौन हो भिया? इत्ती रात को क्या कर रिये हो?"

मी त्याला अख्खी उल्कावर्षावाची माहिती दिली. माणूस गुणी! काठी बाजूला ठेवून शेजारीच आडवा झाला. घटकाभराने ढग फाटले, काळंभोर आकाश दिसलं. आम्ही श्वास रोखले.

शिपाई उठला आणि आम्हाला नीट दिसावं म्हणून त्याने आपला टॉर्च थेट आकाशावर मारला!

*

तिसरी रात्र पीपलरावां नावाच्या गावाची. आकाश खरंच स्वच्छ. ट्रक बघून गावातले दहा-बारा जण गोळा झाले. एवढे श्रोते मिळाल्यावर मला राहवेना. कंदिलाच्या उजेडात काठीने मातीत सूर्य काढला, पृथ्वी काढली, धुळीचा पट्टा काढला. आबांना खाली वाकवून म्हटलं, "हं, आता इथे बघा."

एवढ्यात सगळा माळ उजळला. गावकरी ओरडले, "वो गयो! वो गयो!"

"काय गेलं?" आबांनी मातीतून मान वर काढली.

परत येताना पुन्हा ढग. देवास येईपर्यंत कुसुम माझ्याशी बोलली नाही. उतरताना मात्र म्हणाली, "मास्तर, हात जोडते. शिकवू नका हो, नुसतं दाखवा!"

*

शेवटची रात्र. ट्रक मालवाहतुकीला गेलेला. आम्ही आबांच्या ओट्यावर हताश बसलो होतो. पहाटेपूर्वी ढग हलले आणि आकाश उघडलं, पण आमच्या बाजूने मधे मोठा पिंपळ. रस्त्यापलीकडून मात्र सगळं मोकळं!

आता देवासचा रस्ता म्हणजे साधा रस्ता नव्हे. एका गावात दोन राज्यं होती. अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. आबा थोरल्या पातीचे. कामाशिवाय त्यांनी तो रस्ता कधी ओलांडला नव्हता.

कुसुम पळत रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडून ओरडली, "आबा, या! इथून दिसतंय!"

"ती धाकटी पाती आहे."

"आता कुठल्या पात्या, आबा! उद्यापासून तारेसुद्धा नाहीत!"

आबा उठून आत गेले. दार लागलं. कुसुम पलीकडच्या पायरीवर मटकन बसली. बंडूने सतरंजी गुंडाळायला घेतली.

दार उघडलं. आबा बाहेर आले ते दरबारी अंगरखा आणि पगडी घालून! हातात काठी, मान ताठ. परराज्यात जावं तसे सावकाश रस्ता ओलांडून ते कुसुमजवळ उभे राहिले आणि वर बघू लागले.

आणि एक लखलखीत तारा अर्धं आकाश कापत गेला.

आबांनी काठी टेकून पगडी सावरली.

"तो आमच्या पातीचा होता," आबा म्हणाले. "तुटून इकडे आला."

मग कुसुमकडे वळून दरडावलं, "इंदूरला जाऊन तू अशी तुटू नकोस!"