सासऱ्यांचे पाय आणि मासोळ्या

मला पाहायला सौंसरहून पाहुणे येणार होते, त्या दिवशी सकाळीच बाबांनी जाम नदीतून चिल्लर मासोळ्या धरून आणल्या. बोटाएवढ्या, चंदेरी अन् साऱ्या जिवंत. "हालून राहिल्या तोवर मी काही साफ करत नाही," म्हणत आईने त्या अंगणातल्या गंगाळात सोडून दिल्या.

पाहुणे बसस्टँडवरून उन्हात पायी आले. मुलाचे वडील हेडमास्तर, कमालीचे गंभीर. पाय धुवायलाच पाणी ठेवलंय असं समजून ते स्टुलावर बसले, दोन्ही पाय गंगाळात सोडले आणि मला विचारू लागले.

"किती शिकली, बेटा?"

"मॅट्रिक जी."

"अन् स्वयंपाक... ही ही ही... येते का?"

बाबा आईच्या कानात म्हणाले, "हे काऊन हसून राहिले?"

आईने गंगाळाकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. मासोळ्या हेडमास्तरांच्या भेगाळलेल्या टाचा कुरतडत होत्या. सांगायची हिंमत कोणाचीच होईना. शेवटी मुलगाच वाकून बघत ओरडला, "बाबा, तुम्हाले मासोळ्या खाऊन राहिल्या!"

"खाऊ दे," हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले. "लय बरं वाटून राहिलं."

मग मीही खो खो हसले. आईने डोळे वटारले, पण मला काही थांबता येईना. हेडमास्तरांनी चहासुद्धा तिथेच घेतला आणि पाय बाहेर न काढताच लग्न पक्कं केलं.

"पण ह्यायले तळू नका," ते आईला म्हणाले. "आता सोयरे झाले."

बाबांना गंगाळ उचलून पुन्हा नदीवर जावं लागलं. आम्ही वरण-भात जेवलो.