कोट्यातला परदेशी कागद

नगरला मी साप्ताहिक चालवायचो, तेव्हा आमच्या छपाईच्या मशीनवरचे गृहस्थ कागद कानाने ओळखायचे. ताव कानाशी धरून हलवायचे आणि सांगायचे, "ह्यो भाईरच्या देशातला. मऊ वाजतोय."

त्र्याहत्तर साली बाहेरून येणारा कागद आटला. मी अंक चार पानांवरून दोनवर आणला आणि टंचाईचं कारण वाचकांना सांगितलं, तसंच मशीनवरच्या त्या गृहस्थांनाही. अंकासाठी सरकारी कोट्यात मिळालेले परदेशी कागदाचे गठ्ठे मात्र पुण्याच्या व्यापाऱ्याला चढ्या भावाने विकले. टेम्पो दाराशी लागल्यावर म्हणालो, "कागद ओला निघालाय, परत पाठवतोय."

त्यांनी एक ताव ओढून कानाशी हलवला. "कोरडा हाय की, साहेब," एवढंच बोलले आणि गठ्ठे स्वतः चढवून दिले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक वही होती, कापून उरलेल्या कोऱ्या पट्ट्या दोऱ्याने शिवून केलेली. "टंचाई हाय म्हनता. तुमच्या अग्रलेखाला हुईल."

त्याच वहीत मी अग्रलेख लिहिला, कागदाच्या काळ्याबाजारावर! छापला त्यांनीच. पहिली प्रत कानाशी धरून हलवली आणि माझ्यापुढे ठेवली. काय ऐकू आलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.