एकूण कुठं दिलंय?

आदरणीय दत्ताराम शेडगे सरांवर गौरवलेख लिहा, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मला पहिला संशय आला तो हा, की सरांनी याला होकार दिलाच कसा? चौकशी केली तर कळले, दिलेला नाही. समितीचे लोक महाडला घरी गेले आणि पंच्याहत्तरीचा विषय काढला, तेव्हा सरांनी विचारले, "माझा सत्कार करून तुमचं काय साधतंय?" माणसांकडे आणि गणितांकडे सर असेच बघतात.

त्यांची माझी पहिली भेट बिरवाडीतली. पोलादपूरच्या वरच्या अंगाची आमची वाडी सोडून मी औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते आणि मैत्रीण सुगंधाबरोबर बिरवाडीत खोली घेऊन राहत होते. शाळेतून निवृत्त झालेले सर तिथे स्पर्धा परीक्षांचे गणित शिकवीत. वयोमर्यादेत बसणारी लिपिकपदाची एकच परीक्षा माझ्यासाठी उरली होती. ती हुकली असती तर जन्मभर खोकीच चिकटवायची होती.

माझी शिफ्ट बदलली की सर वर्गाची वेळ बदलीत आणि महाडहून सकाळची पहिली एसटी धरून येत. एवढे कोणी उगाच करत नाही, असे मला वाटे. एकदा विचारलेच. "घरी थांबलो तर बायको भाजी निवडायला बसवते," ते म्हणाले. मला ते काही पटले नाही.

पुढे गुणोत्तराच्या सराव चाचण्यांत माझी सगळी उत्तरे बरोबर येऊ लागली आणि सरांनी मला एकटीला खिडकीपाशी बसवले. प्रश्नपत्रिकाही वेगळी दिली. सुगंधा म्हणाली, "तू बघून लिवतेस असं वाटतंय त्यांना. तुझ्यावर नजर हाय गो त्यांची." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वाडीवरच्या मुलीला गणित येऊच नये की काय?

त्या प्रश्नपत्रिकेत पर्याय नव्हते. तिथे माझे पितळ उघडे पडले. मी गणित सोडवतच नव्हते. पर्याय एकेक घालून बघायची आणि बसेल तो लिहायची. आता घालायला काहीच नव्हते. वर्गातले मुलगे आणि मुली यांचे गुणोत्तर ५:३, मुली मुलग्यांपेक्षा २४ ने कमी, तर मुली किती? मी आठ भाग केले, चोवीसला आठाने भागले, एक भाग तीन, मुली नऊ. भाग सरळ गेला म्हणून मी खूश.

"चोवीस एकूण आहेत हे कुठं दिलंय?" सरांनी विचारले. "फरक दिलाय. पाचातून तीन गेले, उरले दोन भाग. दोन भागांचे चोवीस, एकाचे बारा, मुली छत्तीस. जे दिलेलं नाही ते धरायचं नाही."

"आणि मी नक्कल करते, हे तुम्ही नाही धरलंत?" मी रागातच होते.

"असं मी कधी म्हटलं?"

म्हटले नव्हते खरे. "मग वेगळं का बसवलंत?"

"उत्तर बरोबर आणि कच्चा कागद कोरा. तू करतेस काय, ते बघत होतो. उद्या पर्यायांत 'यांपैकी नाही' आलं तर काय घालून बघशील?"

त्यांच्या मनात नकलेचा संशय एकदा तरी येऊन गेलाच असणार, असे मला आजही वाटते. पण त्या दिवसापासून त्यांनी मला भाग मांडायला अगदी पहिल्यापासून शिकवले.

परीक्षेत तसलेच गणित आले. फरकाला एकूण धरले की येणारे उत्तर पहिल्याच पर्यायात बसले होते आणि चौथा पर्याय होता 'यांपैकी नाही'. माझे उत्तर पर्यायांत नव्हते. पुन्हा भाग मांडले, तरी नव्हते. मग चौथ्यावर खूण केली.

निवड झाली. पेढे घेऊन गेले तर सर म्हणाले, "यादीत नीट बघितलंस ना? त्याच नावाची दुसरी कोणी असायची." मला रडू फुटले. त्यांनाही आले असावे. पण ते लगेच आत गेले, म्हणून खात्रीने सांगत नाही.

आता रविवारी त्यांच्याच वर्गात गुणोत्तर मी शिकवते आणि सर मागच्या बाकावर बसून माझ्यावर लक्ष ठेवतात.

समितीने शुभेच्छांचा मजकूर तयारच करून पाठवला होता: शंभराचे चार भाग केले, तीन झाले, उरलेला एक सुखात जावो. मी तो परत पाठवला. सरांनी वाचताक्षणी विचारले असते, एकूण शंभर कुठं दिलंय?

नाही दिलेलं, सर. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. एकूण किती, ते आम्ही कोणीही धरणार नाही.