हात माझा, विचारलं शेटला

"पेशंटचं कोण?" डॉक्टरनं विचारलं. माझ्याकडं बघितलं नाय. खाटेच्या पायथ्याशी आमचा सुक्या मासळीचा शेट उभा होता, त्याच्याकडं बघितलं.

"कोणी नाय हिला. नवरा दर्यात गेला, पोर नाय. मलाच मालक समजा."

मालक. मी काय त्याचा बैल होते?

तारापूरला वीजघराचा पाया खणला जात होता तेव्हाची गोष्ट. नवापूरला शेटच्या वखारीत मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा तळव्यात घुसला. आमच्यात काट्यावर हळद बांधतात नि परत कामाला बसतात. मीही बसले. हात भोपळ्यासारखा सुजला तेव्हा शेटनं पालघरच्या इस्पितळात आणून टाकलं.

डॉक्टर त्यालाच समजावत होता. चिरून पू काढत राहिलं तर हात वाचेल, पण महिनाभर पडून राहावं लागेल, जिवालाही धोका. नायतर पंजा कापायचा.

"कापा," शेट बोलला. "हिची उस्तवार कोण करणार? उद्याच उरका."

शेजारच्या खाटेवर बेटेगावच्या पाटलांची सून. तिच्याभोवती जत्रा. सासू केस विंचरायची, दीर शहाळं आणायचा, नवरा डॉक्टरच्या मागं मागं. माझा नुसता जळफळाट. तिचं वाईट व्हावं असंही मनात आलं. त्यातलं एक माणूस माझं असतं तर माझा हात कापायला कोण धजलं असतं?

संध्याकाळी तिची माणसं जेवायला गेली. ती हळूच म्हणाली, "गो बाय, तू समदं ऐकतेस. उद्या माझं काय काढणार हायत?"

तिच्या नवऱ्यानं गर्भाची पिशवी काढायला हो म्हटलं होतं. मी सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली.

एवढं गणगोत, नि तिलाही कोणी विचारलं नाय. मग मी मेली कशावर जळत होते? जळायचं तर शेटवर. त्याला नुसती ढेकर आली तरी डॉक्टर त्यालाच विचारत असेल, काय होतंय म्हणून.

सकाळी डॉक्टर नि शेट आले तशी मी उठून बसले. "डॉक्टर, हात माझा हाय. मला विचारा. चिरा. मेले तर मी मरेन, शेट नाय मरणार."

"अडाणी बाई, तिला काय कळतंय," शेट म्हणाला.

डॉक्टर पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "परत सांग." मी परत सांगितलं.

हात राहिला. दोन बोटं वाकत नायत. शेटनं कामावरून काढलं. पाटलांची सूनही नको म्हणाली होती. नवऱ्यानं तिला गप केलं नि पिशवी काढलीच.

आता दांडी-नवापूरचं कोणी एकटी बाई इस्पितळात पडली की मी जाऊन बसते. डॉक्टर मलाच विचारतात, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"कोणी नाय. तिला विचारा. विचारल्याबिगर मी हितनं उठणार नाय."