आधी हात पुढं करा

आष्ट्याचे आमचे शेजारी गुऱ्हाळाची चित्रं काढतात, पण त्यांत ना ऊस दिसतो, ना रस उकळणारी काहील. नुसता पिवळा-तांबूस रंग. कुणी चित्र बघायला लागलं, की मुलगी दाखवणाऱ्या बापासारखे हे बाजूला उभे राहून घाम पुसतात.

सांगलीच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्रकाराला चित्रामागची भावना सांगायची होती. बाकीचे अंतर्मन, अस्वस्थता वगैरे झकास बोलले. ह्यांची पाळी आली तशी मलाच धडकी भरली. हा माणूस चारचौघांत तोंड उघडत नाही.

"ह्यामागची प्रेरणा काय?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"आवं, आदी हात फुडं करा की."

त्यांनी पिशवीतून बरणी काढली आणि बाईंच्या तळहातावर गुऱ्हाळातली काकवी ओतली. "चाटा. आता बगा."

बाईंनी इकडंतिकडं पाहिलं, काकवी चाटली आणि चित्राकडं बघतच राहिल्या.

"गरम वाटतंय हो चित्र," त्या हळूच म्हणाल्या.

"व्हय. त्येच काडलंय."

आयोजक माईकवरून पुढच्या चित्रकाराचं नाव पुकारत राहिले. तो हात पुढं करून काकवीच्या रांगेत उभा होता, माझ्या मागं.