चुलीपुढं शेकलेले हात

ये गं, जवळ बस अशी. पिशवी उतरून अंग बाहेर येतंय आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं न्हाईस व्हय? लाजून दुखणं बरं होत असतं, तर मी कधीच बरी झाले असते.

मलाही हेच झालं होतं. तेव्हा बारामतीची एक नर्सबाई आमच्या निरवांगीला माझ्या घरी बायका तपासायला यायची. तिकडं ती पोरींना नर्सिंग शिकवायची, म्हणून दोन-तीन पोरी संगं असायच्याच. आली की हात धुवायची आणि माझ्या चुलीपुढं शेकत बसायची. पोरींना सांगायची, "गार हात लागला की बाई अंग चोरते. मग तुम्हाला काय कळणार?"

माझा नंबर आला तेव्हा पोरींना बघून मी लुगडं घट्ट धरलं. तिनं पोरींना बाहेर पाठवलं. तपासून म्हणाली, "मावशी, किती वर्षं सोसलंत. याला इलाज आहे."

मला रडूच आलं. मग मीच पोरींना हाक मारली, "या गं, बघा. दुसरीचं तरी लवकर ओळखाल."

ती हसली. "हात शेकून या गं. आज शिकवणाऱ्या बाई या आहेत."

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण ऑपरेशन झालं, आणि मी परत रानात जायला लागले.

तू नवऱ्याला सांगून लवकर परत ये. दवाखान्यात मी येते संगं. बाहेर बस म्हणालीस तर बाहेर बसेन.